माटोळीखाली न बसणारे मास्तर

आमच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर टिचकी मारल्याशिवाय पुंडलीकमास्तर कधी सोप्यावर चढले नाहीत. आधी दोरी, मग नमस्कार. बोट वाकवून एक टिचकी, मान तिरकी, डोळे मिटलेले. दोरी नुसती ‘धब्’ म्हणाली तर ठीक. ‘टण्’ म्हणाली की त्यांचं तोंड असं व्हायचं, जसं पायाखाली फुरसं आलंय.

“वैनी, ही कोणी ताणली गे? सोडा, सोडा. झोळ ठेवा दोरयेक.”

झोळ ठेवला की ओली लुगडी मातीला लागायची आणि सासूबाई तोंड सोडायच्या. ताणली की मास्तर. दोघांच्या मध्ये मी आणि ती दोरी, रोज वरखाली. सासरी आलेल्या मुलीला काय काय शिकावं लागतं म्हणतात. मी पहिलं शिकले ते हे, की दोरी किती सैल ठेवली म्हणजे घरात शांतता राहते.

माझं माहेर दोडामार्गाकडचं, दिलं लाटंबार्शाला. गोवा सुटून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. गावोगाव शाळा उघडत होत्या आणि विज्ञान शिकवणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागायचा. मास्तर बेळगावात शिकून आलेले. साखळी गावच्या एका हायस्कुलात शिकवायचे आणि राहायचे आमच्या शेजारी, मध्ये फक्त कुंपण. उंच, काटकुळे, गळ्याची घाटी सारखी वरखाली होणारी. सदऱ्याचं वरचं बटण उघडं, वहाणांचे पट्टे ढिले, चष्म्याला मागून दोरा बांधलेला आणि तोही सैल, त्यामुळे पेज प्यायला वाकले की चष्मा पेजेत. लग्न केलं नाही. वडील कीर्तन करायचे, त्यांचा तंबोरा तेवढा घरात दुसऱ्या माणसासारखा होता.

गाव त्यांना मागून ‘ताणमास्तर’ म्हणायचं. पुढूनही म्हणायचं, आता खोटं कशाला बोला.

भित्रे म्हणावं तर अंगणात आलेला साप ते काठीनं असा बाजूला करायचे, जसा वर्गातल्या पोराला बाकाकडे पाठवावा. अंधाराला भीत नसत. देवचाराला तर नाहीच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “भुताक मी भियत नाय, वैनी. भुताक हात जोडले तर ता जाता. ताणलेली दोरी कोणाचा ऐकणा नाय.”

साखळीची बस आमच्या तिठ्यावर थांबायची. टपावर काजूची पोती, केळीचे घड, कोणाची तरी पेटी, सगळ्यावरून दोर आवळलेला. सगळे आत घुसत आणि मास्तर बसच्या भोवती फिरत दोराला टिचक्या मारत. कंडक्टर दारातून ओरडायचा, “जालां काय गाणां, मास्तरानू? आता बसा. हंय लोकांका सूर नाय, घाई आसा!” आतून कोणी म्हातारी म्हणायची, “माझा दूध फाटला मरे!” मास्तर कोणाला उलटून बोलत नसत. दोराची एखादी गाठ सैल करवून घ्यायचे आणि मगच चढायचे, आणि चढून बसायचे तेही दाराजवळ. त्या दोराखाली डोकं येईल अशी जागा ते कधी घेत नसत. झोपाळ्यावर बसत नसत. झुलत्या पाळण्याखालून मांजर गेलं तरी त्यांचा जीव वर यायचा.

मला हसू यायचं. पण माझं हसू बंद झालं ते त्यांच्याच घरात.

पंचमीचा दिवस होता. सासूबाईंनी केळीच्या पानात पातोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, मास्तराकडे नेऊन दे. भर दुपार, पण आभाळ असं दाटलेलं की घरात दिवेलागणीसारखं. दार उघडं. मी उंबऱ्यात उभी राहून हाक मारली, “मास्तरानू!”

आतल्या खोलीतून कोणी तरी म्हणालं, “उंऽऽऽ.”

आजारी माणूस कण्हतो ना, तसं. मला वाटलं, पडलेत की काय. “मास्तरानू, मी आसंय, शेजारची!” पुन्हा “उंऽऽऽ”, आणि ते थांबेना, हळूहळू विरत गेलं. मी आत वाकून पाहिलं. एक खुर्ची, आमच्याकडे कदेल म्हणतात ती, पुस्तकांची रास, खिडकीचं जनेल बंद. माणूस कोणी नाही. माझ्या तोंडून “आई गे!” निघालं, आणि त्या रिकाम्या खोलीनं तेवढ्याच जोरानं हूं भरला. पातोळ्या कुठे पडल्या, कुंपण कसं ओलांडलं, मला आजही सांगता येणार नाही. पातोळ्या कुत्र्यानं खाल्ल्या एवढं नंतर कळलं.

संध्याकाळी मास्तर आले, बगलेत तंबोरा. माझ्यापेक्षा तेच जास्त पांढरे. “वैनी, पडलात नाय मा? खंय लागला नाय मा?” ते तीनदा तीनदा विचारत राहिले. मग सोप्यावर मांडी घातली, तंबोरा आडवा ठेवला, मधल्या दोन तारा खुंट्या पिळून एका आवाजाच्या केल्या. जुन्या वर्तमानपत्राचे नखाएवढे तुकडे फाडले, दुमडले आणि एका तारेवर घोड्यांसारखे बसवले. “आता बघा.” आणि त्यांनी दुसरी तार छेडली. ज्या तारेला कोणी हात लावला नव्हता, तिच्यावरचे घोडे थडाथड उड्या मारून खाली पडले.

मग त्यांनी एक खुंटी थोडीशी सैल केली, घोडे पुन्हा बसवले, तार छेडली. घोडे जागचे हलले नाहीत.

“दोघांचो सूर एक जालो की एक बोलता तेव्हा दुसऱ्याक गप बसवणा नाय,” मास्तर म्हणाले. “तुमचो आवाज तारेच्या आवाजाक मिळता. तुमी हाक मारलात, तिणे ओ दिली. भूत बीत कोण नाय.”

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आमची सून तंबोऱ्याची भैण! तरीच सारखी वाजत आसता.”

सगळं घर हसलं. मास्तर हसले नाहीत. तारांवर तळहात ठेवून त्यांनी त्या गप्प केल्या आणि हळूच म्हणाले, “आपण एका जाग्यार हळू मारतो आणि थरथर भलत्याच जाग्यार उठता. हाचोच माका भंय.”

ते वाक्य माझ्या अंगावर राहिलं. गावाजवळच्या लोखंडाच्या खाणीवर दुपारी सुरुंग उडायचे. पायाखालची जमीन हलायची, फळीवरची भांडी किणकिणायची, आम्हाला त्याची सवय झाली होती. पण त्यानंतर सुरुंग उडाला की माझं लक्ष कुंपणापलीकडे जायचं. सुट्टीचा दिवस असला तर मास्तर जनेलातून दिसत. तंबोऱ्यावर हात ठेवून उभे, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

माझा धाकटा दीर बाबलो त्यांचा विद्यार्थी. हुशार, पण अंगात किडे. वर्गात मास्तरांकडे एक लांबट लाकडी पेटी होती. तिच्यावर तार, तारेच्या टोकाला वजनं टांगायची, वजन वाढवलं की सूर चढतो हे दाखवायचं. बाबलो घरी येऊन नक्कल करायचा. मास्तर पेटीपाशी एकटे, छातीवर पोतं बांधलेलं, आणि पोरं सगळी मागच्या भिंतीला पाठ लावून उभी! एकदा मास्तर फळ्याकडे वळले असताना बाबल्यानं गंमत म्हणून आणखी दोन वजनं अडकवली. तार तुटली ती सरळ मास्तरांच्या गालावर. रक्ताची धार. पोरं ओरडायला लागली, तर मास्तर गाल तसाच सोडून एकेका पोरापुढे गेले. “डोळे उघड. दिसता? तुका दिसता?” सगळ्या वर्गाचे डोळे पाहून झाले, मग खाली बसले. बाबल्याला मारलं नाही, नाव विचारलं नाही. तो वण त्यांच्या गालावर कायमचा राहिला, आणि बाबलो ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी हसायचा. थोडं जास्तच हसायचा.

एवढं भय माणसाला कुठून येतं? मला कळलं ते एका नारळामुळे.

पावसाआधीची गोष्ट. अंगणात मी आणि सासूबाई नवीन दोरी बांधत होतो. मास्तर आले, टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, “मास्तरानू, ताणलेली दोरी घट्ट असते, सैल दोरी सुटते, एवढं तर आम्हालाही कळतं.” ते पुढे आले. दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, एक सासूबाईंच्या, आणि मधोमध एक नारळ बांधला. आम्ही दोघी जवळ उभ्या होतो तेव्हा नारळाचं ओझं जाणवतही नव्हतं. “आता मागे सरा. दोरी सरळ करा. झोळ बिलकूल नाका.”

आम्ही ओढली. झोळ कमी झाला. आणखी ओढली. हात दुखायला लागले. सासूबाईंनी पदर खोचला, पाय रोवले, “एक नारळ तो काय!” म्हणाल्या. आम्ही दोघी, भाताची पोती उचलणाऱ्या बाया, तळव्यांना वळ उठेपर्यंत ओढत राहिलो. तो एवढासा नारळ मध्ये बसून आमची चेष्टा करत होता. दोरी सरळ म्हणून झाली नाही.

“होवची नाय,” मास्तर म्हणाले. “दोन बैल लावलात तरी होवची नाय. नारळ तोच. पण दोरी जितकी सरळ करूक जाशाल, तितको तो जड जाता. तुमच्या हातांका विचारा.”

सासूबाई तळवे चोळत सोप्यावर टेकल्या आणि सहज म्हणाल्या, “मास्तरा, तुका ह्या दोरयेन काय केलानी रे, एवढो भियतस तो?” मी नारळ सोडवत होते. मास्तर उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले.

त्यांचा थोरला भाऊ नदीवरच्या धक्क्यावर कामाला होता, जिथे खाणीची माती बार्जीत, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीत, भरतात. मास्तर तेव्हा बेळगावात शिकत होते, सुट्टीला आलेले, भावाचं जेवण घेऊन धक्क्यावर गेले. पाण्याला ओढ होती, बार्ज बाहेर खेचत होती, आणि तिला धरून ठेवलेला जाड दोर ताणत चालला होता. दोर गात होता. आधी खर्जात, मग वर, मग आणखी वर. त्याच वर्षी मास्तर तारांचा धडा शिकलेले.

“मी सूर मोजीत रवलंय,” मास्तर म्हणाले. “माका बरा वाटला. पुस्तकातला खरां जाता, कानाक ऐकूक येता. खंयपर्यंत चढलो, ता मनात धरी होतंय. भाऊ दोराकडेन उभो. एक हाक मारूक जाय होती. ‘बाजूक सर’ म्हणान एक हाक. माका कळत होता. धक्क्यार दुसऱ्या कोणाक कळत नव्हता, माकाच कळत होता. आणि मी सूर मोजीत रवलंय.”

दोर तुटला आणि त्याच्या फटक्यात भाऊ गेला.

सासूबाई उठल्या. आत जाऊन पाणी आणलं. मास्तरांनी ते उभ्यानंच घेतलं आणि जाताना नवीन दोरीवर पुन्हा एक टिचकी मारली. त्या दिवसापासून मी त्यांना हसले नाही. पण एक नवीनच भीती लागली. मास्तरांकडे पाहिलं की वाटायचं, पुन्हा कधी तसा दोर गायला लागला, तर ह्या माणसाच्या तोंडून हाक निघेल का?

आता माटोळी म्हणजे काय ते घाटावरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली नि बागेतली फळं बांधतात. नारळ, सुपारीची कातरं म्हणजे घोस, केळीचा घड, तोरिंगण, कवंडळं, कांगणी, काय मिळेल ते. घरातल्या माणसांची सगळी हौस त्यात. ती चांगली जड होते, आणि देवापुढे जो बसतो तो नेमका तिच्याखाली बसतो. बांधायला केवण, म्हणजे रानातल्या झाडाच्या सालीची दोरी, आणि चौकट वरच्या वाशांना चार उभ्या दोरांनी. माटोळी पडणं ह्यापेक्षा मोठा अपशकुन घरावर नाही. मास्तर दरवर्षी आमच्या आरतीला यायचे आणि उंबऱ्यातच उभे राहायचे. प्रसादही हात लांब करून घ्यायचे.

त्या वर्षी आम्ही पुढच्या खोलीवरची कौलं उतरवून स्लॅब घातली होती. घरात पहिली स्लॅब, मिरवायची कोण हौस! पण चवथ जवळ आली तेव्हा लक्षात आलं की आता वासा नाही, माटोळी टांगायची कशाला? बाबलो तेव्हा खाणीवर ट्रक चालवायचा. म्हणाला, “तुमी काळजी नाका करू. मी तार हाडतंय. हत्ती टांगलो तरी तुटची नाय.” समोरासमोरच्या भिंतींत त्यानं लोखंडी कड्या बसवल्या, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन तारा ओढल्या आणि पहारीनं पीळ घालून घालून सुतासारख्या सरळ केल्या. माटोळी चढवली तरी तारा जेमतेम बोटभर वाकल्या. तार इतकी बारीक की माटोळी हवेत तरंगतेय असं वाटायचं. वाड्यावरची सगळी माणसं बघून गेली. बाबल्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

चवथीच्या दुपारी मास्तर उंबऱ्यात आले, वर पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

“बाबल्या, तार सरळ आसा.”

“सरळच आसूंक जाय, मास्तरानू! झोळ दिसलो तर लोक हांसतले.”

“तार तुटची नाय, ता माका कळता. पण भिंत?”

“चिऱ्याची आसा भिंत. शाळेतली पेटी नाय ती.” बाकीचे हसले. “आणि आता हात लावूक येणा नाय, देव बसलो.”

मास्तर उंबऱ्यातच राहिले. आमच्या ह्यांनी घुमट मांडीवर घेतलं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं, खोलीत वाजलं की बरगड्यांत वाजतं. झांजा निघाल्या. सासूबाई देवापुढे पाटावर, मांडीत माझी धाकटी लेक. ती अजून दुडक्या चालीची होती. मी आरतीचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात.

आरती सुरू झाली आणि घुमटाच्या थापेबरोबर वरून बारीक आवाज यायला लागला. ‘इंऽऽऽ.’ तारा गात होत्या. बायका वर पाहून हसल्या, “माटोळी पण आरती म्हणता गे!” मला मात्र ती पंचमीची दुपार आठवली. ताट थंड वाटायला लागलं. मी मास्तरांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मान तिरकी, गळ्याची घाटी वरखाली.

मोजतायत, मी मनात म्हटलं. देवा, हे पुन्हा मोजतायत.

आरती रंगात आली. मग तो बारीक आवाज घसरला. थकलेला माणूस भिंतीवरून खाली सरकतो ना, तसा, थोडासाच. मास्तरांनी डोळे उघडले. तोंड उघडलं. आवाज आला नाही. तोंड पुन्हा उघडलं, आणि मास्तर असे ओरडले की झांजा वाजवणाऱ्याच्या हातातून झांज निसटली.

“सूर देंवता! भायर! सगळी भायर सरा!”

आणि आत धावले. सासूबाईंना दंडाला धरून ओढलं, माझ्या मुलीला बगलेत मारलं आणि दोघींना घेऊन उंबऱ्यावर आदळले. सोवळ्यातल्या बाईचा दंड, देवापुढे, आरती चालू असताना! घुमट थांबलं. झांज गोल गोल फिरून जमिनीवर आडवी झाली. आणि मग काहीच झालं नाही.

माटोळी होती तिथेच होती. नारळ हलत नव्हता.

बाबल्याचा चेहरा लाल झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मास्तरांना अरे-तुरे केलं. “आरती मोडलंस तू! देवाच्या म्होरयार मोडलंस! खंय पडली माटोळी? दाखय माका, खंय पडली?”

मास्तर उभे राहायचा प्रयत्न करत होते. म्हणाले, “पडेपर्यंत दाखवक येणा नाय, बाबल्या. आणि पडल्यार दाखवची गरज नाय.”

कोणीतरी म्हणालं, ह्याला आधी बाहेर काढा. माझी मुलगी रडायला लागली. सासूबाई दंड चोळत होत्या. त्यांनी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाल्या, “बाबल्या, कडी बघ.”

“आये, तू पण...”

“बघ म्हणतंय. मास्तर भियेलो तो सोड. आता मी भियेलंय.”

बाबल्यानं रागानं स्टूल ओढलं, भिंतीला लावलं, चढला. सगळ्यांना दाखवायला म्हणून कडीला दोन बोटं लावली. गिलाव्याचा भुगा त्याच्या तोंडावर पडला. कडी त्याच्या बोटांत फिरली. भिंतीला केसासारख्या भेगा होत्या. वर्षानुवर्षं सुरुंगांनी हललेल्या जुन्या भिंती, नवीन होती ती फक्त स्लॅब. कडी भिंतीत राहिली नव्हती, नुसती टेकली होती. ती सरकली, तार ढिली झाली, म्हणून सूर उतरला होता.

बाबलो स्टुलावरून उतरला नाही. कडीवर हात तसाच दाबून अगदी हळू म्हणाला, “धरा. कोण तरी माटोळी धरा रे.”

पुरुष धावले. चौकटीला खालून हात लावले. आता करायचं काय? देव बसला की माटोळी उतरवत नाहीत, आणि मोडलेली आरती तशीच टाकता येत नाही. पुन्हा सासूबाईंनीच सांगितलं, “धरून रवा. आरती पुरी करा, मागीर टेको लाया.” पण एक कोपरा रिकामा होता, त्या फिरलेल्या कडीकडचा. त्या कोपऱ्याकडे कोणी जाईना.

मास्तर उठले. चष्मा दोऱ्याला लोंबत होता. जो माणूस टांगलेल्या पाळण्याखालून जात नसे, तो आमच्या माटोळीखाली गेला, दोन्ही हात वर केले आणि तो कोपरा धरला.

आमच्या ह्यांनी एकट्यानं घुमट वाजवलं, आम्ही बायकांनी टाळ्यांवर आरती म्हटली. पुरुष पालखी उचलल्यासारखे हात वर करून उभे. आणि मास्तर असे थरथरत होते की ती थरथर हातांतून चौकटीत, चौकटीतून माटोळीत चढली. सुपाऱ्या नारळांवर आपटायला लागल्या, टकटक, टकटक, आरतीभर. कोणाला हसू आलं नाही. शेजारी स्टुलावर बाबलो, कडी दाबून. त्यानं खाली पाहिलं, तो गालावरचा वण त्याच्या अगदी डोळ्यांपुढे असणार. मग म्हणाला, “मास्तरानू, इतके घट्ट धरू नकात. झोळ ठेवा.”

मास्तरांनी वर पाहिलं. हसले की रडले, मला सांगता येणार नाही. सुपाऱ्या मात्र थोड्या हळू वाजायला लागल्या.

नंतर टेकू लावले, विसर्जन नीट झालं. पुढच्या वर्षीपासून स्लॅबखाली लाकडी तुळई आणि तिला चार उभे दोर, केवणीचे. पण गावाची तोंडं कोण बांधणार? कोणी म्हणालं, मास्तरानं घर राखलं. कोणी म्हणालं, पडली असती कशावरून, ह्या माणसानं आरती मोडली एवढं खरं. मास्तरांच्या कानावर दोन्ही आलं. ते उंबऱ्यातच उभे राहत राहिले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तीही चवथच. मास्तर कधीचे निवृत्त झालेले, आणि त्यांचे कान गेले होते. पार गेले. ज्यांच्या आधारावर सगळं आयुष्य भीत भीत काढलं, तेच. काठी टेकत अंगणात आले, सवयीनं दोरीवर टिचकी मारली, मान तिरकी केली आणि तशीच ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, सैल आसा. तेव्हा पायरी चढले.

बाबलो आता पिकलेल्या केसांचा. त्यानं उंबऱ्यात कदेल ठेवलं. मास्तर त्यावर बसले नाहीत. आत येऊन माटोळीचा एक दोर दोन बोटांत धरला. बाबल्याला न सांगता कळलं, त्यानं त्या दोरावर वरच्या बाजूनं टिचकी मारली. मास्तर डोळे मिटून बोटांनी ऐकत राहिले. बाबल्यानं चारही दोर तसेच वाजवून दिले. मग मास्तरांनी मला विचारलं, स्वतःचा आवाज कळत नसलेल्या माणसासारखं मोठ्यानं, “वैनी, कशी बोलता?”

मी त्यांच्या तोंडापुढे तोंड नेऊन म्हटलं, “धब् म्हणता, मास्तरानू.”

त्यांनी मान हलवली. काठी भिंतीला लावली. आणि देवापुढे, बरोबर माटोळीखाली, मांडी घालून बसले. घुमट सुरू झालं तेव्हा त्यांनी तळहात जमिनीवर टेकला. तोंडावर भयाची एक रेघ नव्हती. दमून झोपी जाणाऱ्या पोरासारखं ते तोंड, वर केळीचा घड, आजूबाजूला झांजा.

माझ्या तोंडून मात्र आरतीचा एक शब्द फुटला नाही. ताट हातात धरून मी त्या चार दोरांकडे कान लावून उभी होते. समोर बाबलो उभा होता. त्याचीही मान तिरकी होती.